गाळ

आमच्या पारनेर तालुक्यात 'गाळ' हा शब्द कुणी नाक मुरडून उच्चारीत नाही. उन्हाळ्यात तलाव आटला की कुणाच्या मुरमाड रानात किती ट्रॉल्या गाळ पडला, याचीच चर्चा पारावर रंगते. राळेगणसिद्धीच्या श्रमदान शिबिरात आम्ही पाट्यांनी गाळ वाहत होतो, तेव्हा एका आजोबांनी त्यातला मूठभर माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "याला घाण म्हनू नको, पोरा. वरच्या रानातनं वाहून आल्यालं आपलंच लोणी हाय ह्ये." १९७५ नंतर अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने या गावाने गळका पाझर तलाव दुरुस्त केला, नाले अडविले, ते पाण्याइतकेच मातीसाठीही. वर्षाला जेमतेम चार-पाचशे मिलिमीटर पावसाच्या गावाला वाहून जाणारी माती परवडायची नाही.

पुढे सुट्टीत कुर्ल्याला मामाकडे गेलो, तो मिठी नदीच्या पुलावर गर्दी. पोकलेन काळाकुट्ट, तेलकट गाळ उपसून काठावर टाकीत होते. मामा मूळचा गावचाच. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "एवढा गाळ गावाकडं नेता आला असता तर!"

तो गमतीने बोलला, पण माझ्या डोक्यातून ते वाक्य जाईना. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यांतून निघून माहीमच्या खाडीला मिळणारी ही नदी सुमारे अठरा किलोमीटरची. तिच्या काठी भंगाराची गोदामे, तेलाची पिंपे धुणारे, धातूकाम करणारे लहान कारखाने. तिच्या गाळाच्या तपासण्यांत शिसे, तांबे, जस्त, क्रोमियम सापडले आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्र दहावीला सुटले ते सुटलेच. तरी एवढे कळते की शेण कुजते, पाचोळा कुजतो, शिसे कुजत नाही. गंमत अशी (तिला गंमत म्हणायचे तर) की गाळातले जे बारीक चिकण कण ओल धरतात म्हणून आपल्याला हवेसे वाटतात, तेच कण धातूही घट्ट धरून ठेवतात. तळाशी हवा पोहोचत नाही तोवर हे धातू बरेचसे गंधकाशी बांधलेले असतात. गाळ उपसून काठावर टाकला, हवा लागली, की ती गाठ सैल होते आणि पुढच्या पावसात धातू पुन्हा पाण्यात उतरू शकतात. जपानमधल्या मिनामाताचा पाऱ्याचा रोग १९५६ साली उघडकीस आला. तिथल्या खाडीतला पारा मिसळलेला गाळ उपसून भरावात बंदिस्त करण्याचे काम १९७७ पासून १९९० पर्यंत चालले.

आपल्याकडे मात्र सारा हिशेब वजनाचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे राळेगणचा दोन वर्षांचा. मिठीने शहर बुडविले आणि तिच्या गाळाकडे सर्वांचे लक्ष गेले. २०२५ साली या गाळउपशातल्या सुमारे ६५ कोटींच्या कथित घोटाळ्याबद्दल गुन्हाही नोंदला गेला. गाळ खरोखर किती काढला, यावर पुष्कळ छापून आले. त्या गाळात काय होते आणि तो कुठे जाऊन पडला, याबद्दल कितीसे?

'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना राज्यात २०१७ साली आली. धरणाच्या आणि पाझर तलावाच्या गाळासाठी ती मला मनापासून पटते. पण आता अहिल्यानगर झालेल्या आमच्या नगर शहरातून सीना वाहते, शहराचे सांडपाणी पोटात घेऊन. तिच्या पात्रातला गाळ कुणी फुकट देऊ केला, तर ट्रॉली जोडण्याआधी त्यातली मूठभर माती प्रयोगशाळेत जायला हवी, आणि नत्र-स्फुरदाबरोबर शिशाचा आकडाही मागून घ्यायला हवा. आजोबांच्या गाळाला वरचे रान ठाऊक होते. सीनेच्या गाळाला वर कोणकोणते नाले मिळतात, हे विचारायला यंदा मी नगरपासून वर चालत जाणार आहे.