हवेची बंदूक

निवृत्तीनंतर हा छंद जोपासल्याबद्दल हरमलचे शेजारी मला हसतात. दहा मीटरवर कागदी लक्ष्य. त्यातला दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा, छर्रा मात्र साडेचार मिलिमीटरचा! स्पर्धेची रायफल पेन्शनीला पेलणारी नव्हे, म्हणून माझी साधीच. लाभ म्हणाल, तर श्वास स्थिरावतो आणि घटकाभर मनातल्या फायली मिटतात.

खरी किंमत निराळीच. नातवाला तळ्याकाठच्या खंड्यावर नेम धरायचा असतो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार ती शिकार ठरते, हे सांगून पाहिले, पटले नाही. २००० साली सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणाऱ्या अंजली भागवतांनी कागदच वेधला, हे मात्र त्याने कान देऊन ऐकले. तरी परवा तळ्याकडे निघताना त्याने बंदूक मागितलीच. कपाटाची किल्ली अजून माझ्याच कनवटीला आहे.