घारापुरी : आधी सांगावे, मग दाखवावे

करंजाहून उरण आणि उरणहून मोरा बंदर गाठले की समोर घारापुरीचे बेट दिसते. येथील लेणी 1987 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. गेल्या हिवाळ्यात आम्ही वस्तीतली माणसे मुलाबाळांसह गेलो. सोबत दोन कर्णबधिर मुली होत्या. त्यांना ऐकू येत नाही, पण त्यांना मुक्या म्हणणाऱ्याने त्यांचे हात एकदा पाहावेत!

पहिल्या लेण्यात गाईडचे तोंड मूर्तीकडे, पाठ आमच्याकडे. आत अंधार; ओठ दिसणार कसे? थोरलीच्या कानात यंत्र होते. पण दगडी मंडपात बोलण्यापेक्षा घुमणेच जास्त. तिने ते काढून मुठीत धरले.

तिची आई खुणांनी सांगू लागली, तेव्हा खरी अडचण समजली. आपण कानाने ऐकतो व डोळ्याने पाहतो. या मुलींना दोन्ही कामे डोळ्यांनीच करायची. आईच्या हातांकडे पाहावे तर मूर्ती सुटते, मूर्तीकडे पाहावे तर माहिती सुटते. मग गाईडला विनंती केली की बाहेर उजेडात आधी सर्व सांगा, नंतर आत मुकाट्याने पाहू द्या. वेळ दुप्पट लागला, पुढची मंडळी कंटाळली. पण त्या प्रचंड त्रिमुखी मूर्तीपुढे धाकटीने एका चेहऱ्याकडे बोट करून भुवया चढवल्या, दुसऱ्याकडे पाहून ती हसली. रागीट कोण, सौम्य कोण, हे तिने आमच्याआधी ओळखले होते.

पूर्वेच्या डोंगरावर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे आपल्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते. पुढची सहल कान्हेरीला नेणार आहोत. धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतले तथागत हातांनीच उपदेश करताना दिसतात. ते या मुलींना समजावून सांगावे लागेल असे वाटत नाही.

कार्ले असो वा महाडची गांधारपाले, मंडळांनी सहलीत सांकेतिक भाषा जाणणारा एक माणूस जरूर न्यावा. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत अशा दुभाष्यांचे प्रशिक्षण होते. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा केंद्राचा 10,000 शब्दांचा कोश 2021 मध्ये आला आहे. लेण्यात बॅटरीचा उजेड दुभाष्याच्या हातांवर धरावा, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत नव्हे. छोट्या वाक्यांतली माहिती आदल्या दिवशी कागदावर द्यावी. परतीच्या लाँचची हाक त्यांना ऐकू जात नाही, म्हणून वेळ लिहून द्यावी व जोडीला एकजण ठेवावा. आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, तेव्हा रविवार धरूनच निघावे.