शिल्लक राहिलेली ट्यूब

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें रविवारची पहाट कशी घालवावी ह्याविषयीं आपल्या समाजाच्या कांहीं ठाम कल्पना आहेत. त्यानें उशिरा उठावें, चहाचा दुसरा पेला मागवावा, वर्तमानपत्र वाचतांना राज्यकर्त्यांवर रागवावें आणि वाचून झाल्यावर त्यांतील शुद्धलेखनावर. माझें हें सर्व रीतसर चाललें होतें. परंतु एकावन्नाव्या वर्षीं आमच्या डॉक्टरांनीं रक्ताच्या तपासणीचा कागद हातांत धरून चष्म्यावरून एकदां माझ्याकडे पाहिलें, आणि त्या एका दृष्टिक्षेपाचा परिणाम असा झाला कीं, तेव्हांपासून रविवारीं पहाटे साडेपांच वाजतां मी पोहण्याची आंखूड चड्डी घालून कोल्हापूरच्या राजाराम तलावाच्या कांठीं कुडकुडत उभा असतों.

ज्या खेळाच्या नादीं मी लागलों त्याला ट्रायथलॉन म्हणतात. आधीं पोहावयाचें, मग ओल्या अंगानें सायकलीवर बसावयाचें, आणि सायकलीवरून उतरल्यावर हे पाय आपले नव्हेतच असें वाटूं लागलें म्हणजे त्याच पायांनीं धांवावयाचें! ह्या नांवाखालीं पहिली शर्यत १९७४ सालीं अमेरिकेंत सान दिएगो येथें झाली. आणि चार वर्षांनीं, १९७८ च्या १८ फेब्रुवारीस, हवाईमधील ओआहू बेटावर तिनें आपलें विराट रूप धारण केलें. त्या रूपाचें नांव आयर्नमॅन. जॉन कॉलिन्स हा आरमारी अधिकारी व त्याची पत्नी ज्यूडी ह्या दोघांची ती कल्पना. पंधरा जण निघाले, बारा पोंचले. पहिल्या आलेल्या गॉर्डन हॅलरला पावणेबारा तासांहून थोडा अधिक वेळ लागला. पण ह्या हकीकतींतली मला आवडणारी गोष्ट हॅलरची नाहीं. त्या दिवशीं पाणी-खाणें देणारीं माणसें ज्याचीं त्यानें आणावयाचीं होतीं. दुसऱ्या आलेल्या जॉन डनबारच्या माणसांजवळचें पाणी वाटेंत संपलें, तेव्हां त्यांनीं त्याला बीअर पाजली! म्हणजे ह्या खेळांत पहिल्या दिवसापासून पोहणारा एक आणि कांठावर पिशव्या धरून उभीं राहणारीं माणसें चार, असा हिशेब आहे. छायाचित्र मात्र एकट्याचेंच निघतें.

आमच्या टोळींत पांच जण. एक औषधांचे दुकानदार, एक साखर कारखान्यांतले रसायनज्ञ, बँकेंत काम करणारी एक तरुण मुलगी, जी नेहमींच आम्हां सर्वांच्या पुढें असते आणि म्हणूनच आम्ही तिच्याविषयीं फारसें बोलत नाहीं, मी, आणि मास्तर. मास्तर एका शाळेंत चित्रकला शिकवितात. माझ्याहून ते सात-आठ वर्षांनीं लहान. मला पोहणें येत होतें, म्हणजे बुडणें येत नव्हतें. तोंड पाण्यांत घालून श्वास सोडावा आणि मान वळवून पुन्हां घ्यावा, ही साधी क्रिया शिकण्यास मला पांच महिने लागले, आणि त्या पांच महिन्यांत एकाहि रविवारीं मास्तर कंटाळले नाहींत. गळ्याइतक्या पाण्यांत ते माझ्या शेजारीं उभे राहत आणि एक तळहात माझ्या पोटाखालीं धरीत. "सर, पाण्याशीं भांडूं नका. तें वर्गातलं पोर नव्हे," असें ते म्हणत. पुढें पुढें तो तळहात ते हळूच काढून घेऊं लागले. पहिल्यांदा केव्हां काढला हें मला कळलेंहि नाहीं. चित्रकलेच्या मास्तरांस रेषेवरचा हात केव्हां उचलावा हें बरोबर समजत असावें.

कॉलेजांत ह्या नादाची वार्ता पसरण्यास वेळ लागला नाहीं. २०२३ च्या फेब्रुवारींत क्रीडा-पारितोषिकांच्या समारंभाला कोणी मोठा खेळाडू मिळेना, तेव्हां भाषणासाठीं मलाच उभें करण्यांत आलें. मीं मुलांना कोझुमेलची गोष्ट सांगितली. २०१६ च्या सप्टेंबरांत मेक्सिकोंतल्या त्या बेटावर जागतिक मालिकेची शेवटची शर्यत होती. जोनी ब्राऊनली सर्वांच्या पुढें होता. अखेरच्या टप्प्यांत उन्हानें त्याच्या पायांतलें बळ गेलें आणि तो झोकांड्या खाऊं लागला. मागून त्याचा वडील भाऊ ॲलिस्टर आला. पुढें निघून जावें तर पहिलें येण्याची संधि त्याच्या हातांत होती. तो थांबला. त्यानें भावाचा हात आपल्या खांद्यावर घेतला, त्याला ओढत रेषेपर्यंत नेलें, आणि आपल्या आधीं त्याला पलीकडे ढकललें. तिसराच एक खेळाडू पहिला आला. जोनी दुसरा, ॲलिस्टर तिसरा. ही गोष्ट मीं चांगलीच रंगवून सांगितली. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. शेवटीं माझा गळा दाटून आला होता, आणि तो खरोखरच दाटून आला होता, हें मुद्दाम नमूद करून ठेवतों.

त्याच वर्षीं आक्टोबरांत आम्ही गोव्याच्या शर्यतीला गेलों. तेथील शर्यत निम्म्या अंतराची. पण हें निम्मेंहि १·९ किलोमीटर पोहणें, ९० किलोमीटर सायकल आणि २१·१ किलोमीटर धांवणें असें असतें. मैलांत मोजलें म्हणजे तिची बेरीज ७०·३ होते, आणि हाच आंकडा तिच्या नांवाला जोडलेला आहे. सर्व मिळून साडेआठ तासांची मुदत. शिवाय सायकल संपविण्यास आरंभापासून साडेपांच तास. तेवढ्यांत जो आला नाहीं त्याला धांवूं देत नाहींत. प्रवेश-फी किती असते हें सांगितलें तर वाचकांस आमच्या शहाणपणाची शंका येईल. मास्तरांनीं ती वर्षभर चित्रकलेच्या शिकवण्या करून जमविली होती, आणि सायकलीचीं चांगलीं चाकें एका जुन्या विद्यार्थ्याकडून उसनीं आणलीं होतीं.

शुक्रवारीं दुपारीं आजरा, आंबोली, सावंतवाडी ह्या वाटेनें निघालों. दोन मोटारी, टपावर पांच सायकली, आंत बायकामुलें. माझ्या पत्नीनें दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग घेतलें होतें. मास्तरांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सर्व वहिनी म्हणतों, त्यांनीं समुद्र फक्त एकदांच, लग्नानंतर गणपतीपुळ्याला पाहिला होता. ह्या सहलींत बायका काय करतात, हा प्रश्न मला त्यापूर्वीं कधीं पडलाच नव्हता. त्या वाट पाहतात. शनिवारीं आम्ही सायकली नेऊन ठेवीपर्यंत त्या मिरामारच्या झाडांखालीं बसल्या. रात्रीं आम्ही आठ वाजतां झोंपलों म्हणून त्यांनीं मुलांना कुजबुजत जेवूं घातलें. रविवारीं पहाटे चारला आमच्याबरोबर उठल्या, आणि मग आठ-साडेआठ तास लोखंडी कठड्याला धरून उभ्या राहिल्या, ते आम्हीं जाता-जाता अर्धा क्षण दिसावें म्हणून. माझी पत्नी एकदां म्हणाली होती, "तुमचं एक बरं असतं. तुम्हांला पुढं काय करायचं तें ठाऊक असतं." त्या वेळीं मला त्या बोलण्यांत कांहींच विशेष वाटलें नाहीं.

समुद्र तलावासारखा नसतो. पहिल्या पिवळ्या फुग्यापाशीं मला श्वास घेतां येईना. शेजारीं पाहतों तों मास्तर! ते मजेंत दहा मिनिटें आधीं बाहेर निघाले असते. पण ते माझ्या बाजूला छातीवर पोहत होते आणि "भांडूं नका, सर," एवढेंच म्हणत होते. माझा श्वास बसल्यावर ते पुढें गेले. अठ्ठावन्नाव्या मिनिटाला मी वाळूवर आलों.

सायकलीच्या वाटेवर, पंचावन्न किलोमीटर झाल्यावर, एका चढाच्या पायथ्याशीं मास्तर मला पुन्हां दिसले. सायकल उलटी ठेवून ते रस्त्याच्या कडेला बसले होते. मागचें चाक हातांत होतें. जवळ एक फाटकी ट्यूब पडलेली होती आणि दुसरी ते बोटांनीं चांचपीत होते. म्हणजे दुसऱ्यांदा पंक्चर झालें आणि जवळची ट्यूब आधींच संपली, हें मला लांबूनच कळलें. माझ्या खोगिराखालच्या पिशवींत एक ट्यूब होती. बाहेरच्या माणसांची मदत घेतां येत नसली तरी एका स्पर्धकानें दुसऱ्याला ट्यूब देण्यास नियमांत आडकाठी नाहीं, आणि हा नियम मींच टोळीला वाचून दाखविला होता. काम अर्ध्या मिनिटाचें. मीं वेग कमी केला. माझा हात मागें पिशवीकडे गेलाहि. तेवढ्यांत मनांत आलें, अजून पस्तीस किलोमीटर आहेत. माझीच फुटली तर?

मास्तरांनीं मान वर करून पाहिलें आणि हात हलविला. "थांबूं नका, सर! वेळ बघा!"

त्यांनीं जा म्हटलें आणि मी गेलों. चढावर उभा राहून मीं पायटे मारलीं. मागें वळून पाहिलें नाहीं. सायकल संपविली तेव्हां मुदतीला एकोणतीस मिनिटें शिल्लक होतीं, आणि पिशवींतली ट्यूबहि.

धांवण्याच्या वाटेला लागलों तेव्हां कठड्याशीं आमचीं सगळीं माणसें उभीं होतीं. मुलगी ओरडत होती. वहिनी कठड्यावरून अर्ध्या बाहेर वांकल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "सर, आमचे दिसले का वाटेंत?"

"दिसले कीं! येताहेत मागून," मी म्हणालों, आणि पळालों. ह्या वाक्यांत खोटा शब्द एकहि नाहीं. मीं त्याचें पुष्कळ वेळां पृथक्करण करून पाहिलें आहे.

दुसऱ्या फेरीला परत त्या जागीं आलों, तों वहिनींच्या शेजारीं मास्तर उभे. पायांत रबरी चपला, खांद्यावर टॉवेल. एका परक्या मुलानें आपली ट्यूब दिली होती, पण तोंवर फार वेळ गेला होता. पांच तास चौतीस मिनिटांनीं ते आले. चार मिनिटें! तें मला नंतर कळलें. त्या वेळीं मला एवढेंच दिसलें कीं, ते दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवीत आहेत. "पाय उचला, सर! खांदे सैल!" प्रत्येक फेरीला ते तेथेंच होते. कोझुमेल मला धांवतांना आठवलें असें लिहिणें शोभलें असतें. पण तें आठवलें नाहीं. मला माझ्या पोटऱ्या दुखत आहेत एवढेंच कळत होतें. आठ तास अकरा मिनिटांनीं मी रेषेवर पोंचलों आणि कोणीं तरी माझ्या गळ्यांत पदक घातलें. छायाचित्रासाठीं मास्तरांनीं तें नीट मध्यावर करून दिलें.

सोमवारीं परततांना आंबोलीला चहाला थांबलों. मास्तर त्या परक्या मुलाची गोष्ट सांगत होते. "दक्षिणेकडचा असावा. भाषा कळेना. उतरला, ट्यूब हातांत दिली आणि गेला. त्याच्याजवळ दुसरी नव्हती हो!" सर्वांनीं त्या मुलाचें कौतुक केलें. रसायनज्ञांनीं सहज विचारलें, "त्याच्या आधीं आपलं कोणी गेलं नाहीं का तिथून?"

"सर गेले कीं," मास्तर म्हणाले. "मीच त्यांना म्हटलं, थांबूं नका. उगीच त्यांचाहि वेळ कशाला?" आणि त्यांनीं भडंगाचा डबा माझ्याकडे सरकविला. वहिनी बशींतल्या चहाकडे पाहत होत्या.

कोल्हापूरला आल्यावर पत्नीनें माझें सामान उपसलें. खाऱ्या पाण्याचे कपडे एकीकडे, बूट एकीकडे. पिशवींतून ती काळी घडी काढून ती म्हणाली, "ही ट्यूब तशीच राहिली वाटतं. मास्तरांना नसती का चालली?" उरलेल्या दशमीविषयीं विचारावें तितक्या सहज तिनें तें विचारलें.

"घाईंत लक्षांत आलं नाहीं," मी म्हणालों.

तिनें ट्यूब माझ्या टेबलावर, तपासावयाच्या उत्तरपत्रिकांवर ठेवली. ती आठवडाभर तेथेंच होती. पदक मुलीनें भिंतीवर लावलें. कॉलेजांत अभिनंदनाचा फलक लागला. प्राचार्यांनीं आपल्या खोलींत बोलावून चहा दिला आणि पुढच्या समारंभाला ह्या अनुभवावर बोलण्याची सूचना केली. मीं परीक्षांचें निमित्त सांगितलें.

पुढच्या रविवारीं ट्यूब खिशांत घालून तलावावर गेलों. अजून उजाडलें नव्हतें. मास्तर पायरीवर बसून टोपी ओली करीत होते. काय बोलावयाचें तें मीं घरीं जुळविलें होतें, त्यांतलें कांहींच आठवेना. मीं ती घडी त्यांच्या हातांत ठेवली. "ही माझ्याजवळ होती," एवढें म्हणालों.

त्यांनीं ती अंधुक उजेडांत उलटसुलट करून पाहिली. व्हॉल्व्हवर अंगठा फिरविला. "ही मला चालली नसती, सर," ते म्हणाले. "त्या चाकाची कड उंच आहे. इतका आंखूड व्हॉल्व्ह वर येत नाहीं. तुम्ही थांबला असतात तरी उपयोग नव्हता." आणि ट्यूब त्यांनीं माझ्या खिशांत परत सारली.

उसनीं चाकें त्यांनीं अजून परत केलेलीं नव्हतीं. सायकल पलीकडे दहा पावलांवर झाडाला टेकून उभी होती. मला सायकलींतलें फारसें कळत नाहीं, पण चाकाची कड आंखूड कीं उंच, हें जवळ जाऊन हात लावला तर कोणालाहि कळेल.

"चला, सर," पाण्यांतून मास्तर म्हणाले. मीं चष्मा काढून ठेवला आणि उतरलों.