भोकांतली धूळ

परदेशी गेलेल्या माणसाने तेथे जाऊन मोटारीचे चाक काढून बसावे, हा काही प्रवासवर्णनाचा विषय होऊ शकत नाही. परंतु आमच्या वाट्याला तो आला खरा. जर्मनीत ऱ्हाईन आणि मोझेल या दोन नद्यांच्या संगमावर कोब्लेन्झ नावाचे टुमदार शहर आहे. आमचा भाचा नोकरीनिमित्त गेली बारा वर्षे तेथे राहतो. मागील मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे तीन आठवडे मुक्कामास होतो. संगम पाहिला, नदीपलीकडचा किल्ला पाहिला, डोंगरउतारावरचे द्राक्षमळे पाहिले. त्यांविषयी पुन्हा केव्हातरी. आज लिहावयाचे आहे ते ओंजळभर काळ्या धुळीविषयी.

भाच्याने २००३ सालची एक पोर्शे ९११ वापरलेली विकत घेतली आहे. घरखर्चाची मोटार निराळी, ही हौसेची. अधूनमधून एखाद्या रविवारी तो ती घेऊन तासाभराच्या अंतरावरील न्यूर्बुर्गरिंग येथे जातो. आयफेलच्या जंगलातून वळणे घेत जाणारा तेथील जुना शर्यतीचा रस्ता १९२७ साली खुला झाला. लांबी जवळजवळ एकवीस किलोमीटर, चढउतार सुमारे तीनशे मीटरांचा. जॅकी स्टुअर्ट या नामवंत शर्यतपटूने त्याला 'हिरवा नरक' असे नाव दिले होते. ठरावीक दिवशी पैसे भरून कुणालाही आपली मोटार त्यावर नेता येते. आमच्या बहिणीला, म्हणजे भाच्याच्या आईला, या छंदाचा पत्ता नाही. हा अंक तिच्या हाती पडेल तेव्हा तो त्याचे तो पाहून घेईल!

शनिवारी सकाळी तो मोटार पुसत होता. आम्ही चहाचा पेला घेऊन शेजारी उभे होतो आणि त्याची पाच वर्षांची कन्या पायरीवर बसली होती. पुढच्या चाकाच्या कांबींवर काळपट तपकिरी थर चढलेला दिसला, म्हणून आम्ही वाकून आत पाहिले. वाचकांपैकी अनेकांच्या घरी मोटरसायकल आहे. तिच्या पुढच्या चाकाला भोके पाडलेली पोलादी चकती असते ती आठवावी. या मोटारीचीही डिस्क तशीच, परंतु ओतीव लोखंडाची, ३१८ मिलिमीटर व्यासाची, आतून पोकळ वायुमार्ग असलेली आणि आरपार भोके पाडलेली. त्यांतील निम्म्याहून अधिक भोके धुळीने गच्च बुजली होती.

ही भोके कशासाठी, ते येथे सांगणे प्राप्त आहे. चौदाशे किलो वजनाची मोटार ताशी १८० किलोमीटर वेगात असताना पूर्ण थांबविली, तर ब्रेकमध्ये जी उष्णता निर्माण होते तिच्यावर साडेपाच लिटर पाणी उकळू लागेल. ही एका थांबण्याची गोष्ट झाली. त्या जंगलातल्या रस्त्यावर असे जोराचे ब्रेक एकामागून एक लावावे लागतात. पूर्वीच्या काळी ब्रेकचे पॅड इतके तापले की त्यांतील राळेचा वायू होई, आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याचा पातळ पडदा तयार होऊन ब्रेक लागेनासा होई. त्या वायूला वाट करून द्यावी, पावसाचे पाणीही निसटावे, वजन थोडे घटावे, यासाठी भोके आली. हल्लीचे पॅड तितका वायू सोडीत नाहीत. शर्यतीच्या अनेक मोटारींवर आता भोकांऐवजी नुसत्या तिरप्या खाचा असतात, कारण तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांत लोखंडाला तडा जातो तो बहुधा भोकाच्या काठापासून. तेव्हा रस्त्यावरच्या मोटारीत या भोकांचा उपयोग किती आणि दिमाख किती, हा प्रश्नच आहे. आमचे मत दिमाखाच्या बाजूने झुकते. भाच्याचे अर्थातच नाही.

"मामा, दोन मिनिटांचे काम आहे," असे म्हणून भाच्याने चाक उतरविले आणि गॅरेजमधून कॉम्प्रेसरचा पाईप ओढीत आणला. तो चाप दाबणार तोच आमच्या तोंडून एवढ्या मोठ्याने "थांब!" असा शब्द निघाला की पायरीवरची पोर दचकून घरात पळाली.

आम्हांस स्वतःलाच त्या आवाजाचे नवल वाटले. त्याचे कारण सांगावयाचे तर मागे जावे लागेल. १९७४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, आम्ही एका परिवहन संस्थेच्या कार्यशाळेत ब्रेक विभागात लागलो. बसगाड्यांना तेव्हा ड्रमचे ब्रेक असत. डिस्क आपली धूळ वाऱ्यावर सोडते, ड्रम ती पोटात साठवितो. ड्रम उतरविला की आत लायनरची पिठासारखी मऊ, करडी भुकटी निघे. ती हवेच्या पाईपने उडवायची, ही तिथली रीत. एका फवाऱ्यात सारे लख्ख होई. कार्यशाळेच्या पत्र्यातून उन्हाचे कवडसे येत आणि त्यांत ती भुकटी कितीतरी वेळ तरंगत राही. नाकाला रुमाल बांधणारा नवशिक्या समजला जाई. आम्ही पहिले काही महिने बांधला. मग आम्हीही सोडला. जेवणाचे डबे त्याच फळीवर उघडत असू.

आमच्या विभागात एक वडीलधारे कारागीर होते. सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. लायनरला रिबिटे ठोकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि आम्हांला हे काम शिकविले ते त्यांनीच. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांना दम लागू लागला. पुढे जिना चढवेना, मग अंगणही ओलांडवेना. मुंबईच्या इस्पितळात त्यांच्यासोबत आम्ही गेलो होतो. तेथल्या तरुण डॉक्टरने फुप्फुसाचे चित्र बराच वेळ पाहिले आणि विचारले, "बाबा, अ‍ॅस्बेस्टॉसशी तुमचा कधी संबंध आला होता का?"

मिस्त्री म्हणाले, "नाही."

ते खोटे बोलले नाहीत. तो शब्द त्यांना ठाऊकच नव्हता. आम्ही त्या भुकटीला 'लायनरची पावडर' म्हणत असू. आम्हांला शब्द ठाऊक होता, आणि तरीही डॉक्टरपुढे तो त्या पावडरीला जोडायला आम्हांस क्षणभर उशीर झाला. हा तंतू श्वासावाटे आत गेला की वीस-वीस, चाळीस-चाळीस वर्षांनी आपले काम दाखवितो. मिस्त्रींना जाऊनही आता पुष्कळ वर्षे झाली. आमची स्वतःची छाती दरवर्षी तपासून घेतो. आजवर ठीक आहे.

हे सारे भाच्याला आम्ही पूर्वी कधी सांगितले नव्हते. ऐकून तो गप्प राहिला, मग हळूच म्हणाला, "पण मामा, आताच्या पॅडमध्ये ते नसते. या देशात १९९३ पासून बंदी आहे." त्याचे म्हणणे बरोबर होते, आणि ते आम्ही मान्य केले. परंतु म्हणून ही धूळ म्हणजे काही गुलाल नव्हे. तिचा मोठा भाग डिस्कच्याच झिजलेल्या लोखंडाचा. त्यात पॅडमधले तांबे, अँटिमनी, कार्बन, जळकी राळ. यातले बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि फुप्फुसात खोल जातात. धुराड्याच्या धुराला सरकारांनी कधीच लगाम घातला. ब्रेकच्या धुळीकडे मात्र फार उशिरा लक्ष गेले. २०२४ साली युरोपीय संघाने 'युरो ७' या नियमात प्रथमच तिला मर्यादा आखली: बहुतेक मोटारींना किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, विजेच्या मोटारींना ३. नव्या नमुन्याच्या मोटारींसाठी नोव्हेंबर २०२६ ही तारीख ठरविण्यात आली. मिस्त्रींना हा मिलिग्रॅमचा हिशेब दाखविला असता तर ते हसले असते.

कॉम्प्रेसर परत गेला. खाली पसरट टोपले ठेवून आम्ही साबणाच्या पाण्याने डिस्क नीट भिजविली. मग भोकापेक्षा किंचित बारीक असे ड्रिलचे टोक घेऊन, यंत्राला न लावता, नुसते बोटांत धरून एकेक भोक कोरू लागलो. धूळ पाण्याने आणि उष्णतेने गंजून दगडासारखी बसली होती. टोक फिरविले की काळा गोळा सुटून टोपल्यात पडे. काही वेळाने भाचा दुसऱ्या बाजूने बसला. पोर परत आली आणि दाराआडून मोजू लागली. तिला जर्मन आकडे येतात, मराठी पंधरापर्यंत. पंधरानंतर ती पुन्हा एकपासून सुरुवात करी.

उजव्या डिस्कची बाहेरच्या रांगेतली भोके मोकळी होताच आमचे बोट थबकले. भोकांच्या काठाशी केसासारख्या बारीक रेषा असतात, त्यांचे एवढे भय नाही. ही रेषा तशी नव्हती. बुजलेल्या भोकाच्या काठापासून निघून ती थेट डिस्कच्या कडेपर्यंत गेली होती, आणि तिच्यावरून नख फिरविले तर अडकत होते. भाच्याला काही सांगावे लागले नाही. त्याने स्वतःचे नख फिरवून पाहिले; पुन्हा एकदा पाहिले. धूळ हवेने उडविली असती, तर वरवरची गेली असती आणि गोळा आतच राहिला असता. उद्याच्या रविवारचे त्याने मोबाईलवर काहीतरी रद्द केले आणि बराच वेळ टोपल्यातल्या काळ्या पाण्याकडे पाहत बसला.

ते पाणी गटारात ओतायचे नाही, असा त्यांच्याकडे दंडक आहे. घरच्या अंगणात मोटार धुण्यालाही तेथे अनेक गावांत मनाई असते. म्हणून ते डब्यात भरून घातक कचऱ्याच्या केंद्रावर दिले. डिस्क बदलायची तर दोन्ही बाजूंची बदलावी लागते, सोबत पॅडही. खर्चाचा आकडा ऐकून आम्ही रुपयांत हिशेब करण्याचे टाळले. बिनभोकाची साधी डिस्क घे, असे आम्ही सुचवून पाहिले.

ती त्याने घेतली नाही. गेल्या महिन्यात नव्या डिस्कचे छायाचित्र आले. भोकांचीच आहे, आणि सगळी भोके आरपार दिसत आहेत. मागे बादली, बादलीशेजारी आमचे ते ड्रिलचे टोक, आणि एका कोपऱ्यात पोरीची चप्पल. खाली भाच्याने लिहिले आहे की ती आता वीसपर्यंत मोजते.