चावलं कुठं?

धानपट्ट्यातल्या दवाखान्यात पावसाळा लागला की निम्मे रुग्ण निदान घरूनच करून येतात. ‘कोळी मुतला जी अंगावर.’ मानेवर तांबडा आडवा पट्टा, त्यावर बारीक पिवळट फोड, मधली कातडी करडी पडलेली. रात्री झोपताना काही नव्हतं, सकाळी आगआग. शेजारीण म्हणते नागीण, आणि मेडिकलवाल्यानं नागिणीच्या गोळ्या दिलेल्याही असतात.

मी त्वचेचा डॉक्टर. आधी हात दुमडायला लावतो. कोपराच्या घडीत एका बाजूला जखम असेल आणि घडी मिटल्यावर तिच्यावर टेकणाऱ्या कातडीवर तसाच दुसरा ठसा असेल, तर पुढं फारसं विचारावं लागत नाही. चाव्याचा असा जोडठसा उमटत नाही. तो अंगावर चिरडलेल्या किड्याच्या रसाचा असतो. हा पिडेरस नावाचा किडा, जेमतेम सात ते दहा मिलिमीटर लांबीचा, काळा-नारिंगी. तो ना चावतो, ना नांगी मारतो. रात्री बल्बकडे येतो, मानेवर वळवळतो, आपण झोपेत त्याला हातानं रगडतो आणि त्याच्या रक्तातलं पेडेरिन नावाचं विष कातडीवर पसरतं. आग सुरू व्हायला बारा तासांपासून दीड दिवसापर्यंत वेळ लागतो. तोवर किडा कुणाच्या लक्षातही राहिलेला नसतो, आणि कोपऱ्यातलं जाळं मात्र समोर दिसत असतं. किडा फुंकर मारून उडवावा, चिरडलाच तर जागा लगेच साबणानं धुवावी. एवढं सांगितलं तरी आजोबा जाताना विचारतातच, ‘म्हणजे कोळीच ना?’

कोळ्यावर आळ घ्यायची खोड आपल्यापुरती नाही. अमेरिकेत ब्राऊन रिक्लूज नावाचा कोळी आहे. त्याच्या विषानं कातडी खरोखर काळी पडून झडते. पण जिथं तो राहतच नाही, अशा राज्यांतही डॉक्टर त्याच्या नावानं निदानं करत आले. २००१ मध्ये न्यू यॉर्कमध्ये सात महिन्यांच्या बाळाच्या हातावरची जखम आधी याच कोळ्याची समजली गेली; निघाला अँथ्रॅक्स. उलट त्याच वर्षी कॅन्ससमधल्या एका घरात सहा महिन्यांत असे दोन हजारांहून जास्त कोळी पकडले गेले, आणि तोवर घरातल्या कुणालाही ते चावल्याची नोंद नव्हती. म्हणून माझा नियम साधा: कोळी चावताना पाहिला असेल, जमलं तर डबीत घालून आणला असेल, तरच कोळी. नाहीतर काळ्या जखमेला आधी साखर तपासायची, पू तपासणीला पाठवायचा.

वेळही बरंच सांगते. दंशानंतर पहिल्या दिवसातच पाय टम्म सुजला, लाल झाला, पण खाज जास्त आणि दुखणं कमी, तर बहुतेक ॲलर्जीच. अँटिबायोटिकची घाई नको. दोन-तीन दिवसांनी लाली पसरू लागली, जागा गरम लागते, बोट लावू देत नाही, ताप आहे, तर जंतुसंसर्ग. मी लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढून दुसऱ्या दिवशी बोलावतो. आणि ‘वर काय लावलं?’ हे विचारल्याशिवाय काहीच ठरवत नाही. चुना आणि वाटलेला लसूण यांनी भाजलेली कातडी कुठल्याही दंशापेक्षा भयंकर दिसते.

आग्यामोहोळ उठल्यावर आणलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र कातडी न्याहाळत बसायचं नसतं. अंगभर गांध्या असोत वा नसोत, बसलेला आवाज, घरघर, चक्कर, यातलं काही असलं की आधी मांडीत ॲड्रेनलिन, प्रौढाला अर्धा मिलिग्रॅम. बाकी सगळं नंतर.

मला खरी धास्ती असते ती काहीच चावलं नाही म्हणणाऱ्यांची. गवतकापणीच्या दिवसांत एका आजींना मुलानं आणलं. आठवडाभर ताप, डोकं फुटतंय, डेंग्यू-मलेरिया निगेटिव्ह. त्वचेची तक्रार नव्हतीच; अंगावर पुसट पुरळ दिसलं म्हणून माझ्याकडे पाठवलेलं.

‘आजी, कुठं काही चावलं?’

‘नाई जी. काईच नाई चावलं.’

नर्सताईंना बरोबर घेऊन पडदा ओढला. काखा पाहिल्या, स्तनांखाली पाहिलं, मग परकराची नाडी सैल करायला सांगितली. नाडीच्या वळाखाली, कमरेच्या बाजूला, सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी खपली, भोवती लाल कडा. दाबली तरी दुखेना, खाजही नाही. त्या बाजूच्या जांघेत गाठ. आजींना स्वतःलाच ती खपली ठाऊक नव्हती.

स्क्रब टायफस. गवतातल्या चिगर माइटची पिल्लं चावतात. ती डोळ्यांना दिसतील-न दिसतील एवढी, आणि चावा कळतही नाही. ताप येतो साधारण दहा दिवसांनी. २०१८ मध्ये नागपूर भागात याचे रुग्ण वाढले, तेव्हापासून इथले डॉक्टर जरा सावध झाले. खपली प्रत्येकाला नसते, आणि घामाच्या घडीत ती काळी न दिसता ओली, पिवळट दिसते. म्हणून पुरुषांच्या करदोड्याखाली, जांघेत, कानामागं टॉर्च घेऊन बघावं लागतं. गर्दीच्या ओपीडीत हे कंटाळवाणं काम आहे, आणि कपडे न काढता केलेली तापाची तपासणी मी तपासणीच मानत नाही.

रक्त तपासणीला पाठवलं, पण डॉक्सिसायक्लिन त्याच संध्याकाळी सुरू केलं. रिपोर्टची वाट पाहण्यात फुप्फुसं आणि किडन्या जातात. दोन दिवसांत ताप उतरला.

मुलगा म्हणाला, ‘घरात फवारा मारून घेऊ का?’ म्हटलं, घरात नको. गवत कापताना अंगभर कपडे घाला, आल्यावर अंघोळ करून ते धुवा, आणि धुतलेले कपडे बांधावरच्या गवतावर वाळत घालू नका. आजींना हे शेवटचं पटलं नाही. दोरीवर लुगडं पुरतं पसरत नाही, म्हणाल्या.