पोरगी जागी आहे

नववीत असताना विज्ञान प्रदर्शनासाठी मी बिनबॅटरीचा रेडिओ केला. पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली तांब्याची तार, जर्मेनियम डायोड, गँग कंडेन्सर आणि इअरफोन, एवढेच सामान. गच्चीवर एरियलची तार ताणली, अर्थिंग नळाच्या पाइपला जोडले आणि कानात पुणे केंद्र बोलू लागले! वीज नसताना आवाज येतो कुठून? लहरींमधल्या ऊर्जेवरच हा रेडिओ चालतो, असे सरांनी समजावले. त्याच दिवशी माझे ठरले.

पुढे इंजिनिअरिंगला मनोऱ्याचे गणित उलगडले. पुण्याच्या ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. तिच्या पाव लांबीचा मनोरा साधारण ९५ मीटर उंच. मध्यम लहरींचा असा मनोरा एरियल धरून उभा नसतो. चिनी मातीच्या इन्सुलेटरवर उभा असलेला तो स्वतःच एरियल असतो.

प्रक्षेपण केंद्रात नोकरी लागली तेव्हा आई म्हणाली, "मुलीच्या जातीला रात्रपाळी कशाला?" बाबा गप्पच राहिले.

पहिल्याच पावसाळ्यात, रात्रीच्या बातम्या चालू असताना वीज कडाडली आणि ट्रान्समीटर बंद पडला. हात थरथरत होते. तरी एकेक गोष्ट तपासून मी तो पुन्हा सुरू केला. सकाळी घरी आले, तर बाबांच्या उशाशी रेडिओ.

"मधेच आवाज गेला, मग आला," ते म्हणाले. "तेव्हाच समजलो, पोरगी जागी आहे."

त्यानंतर आईने रात्रपाळीचा विषय काढला नाही. डबा मात्र न चुकता भरून दिला.