गॅस सरत नसतो!

एसी म्हणजे श्रीमंतांची चैन, असा आपल्याकडे समज आहे. परंतु ज्यांचे पोट गाडीवर आहे त्यांना विचारा. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या धाराशिव जिल्ह्यात पारा चाळीसच्या वर जातो. अशा उन्हात पेशंट घेऊन सोलापूर गाठायचे, तर गाडी गार असणे ही चैन राहत नाही, ती गरज होते. गिऱ्हाईकही फोनवर आधी हेच विचारते, "एसी चालू आहे ना?" नाही म्हटले की भाडे दुसऱ्याकडे जाते.

मी गेली अठरा वर्षे भाड्याची गाडी चालवतो. सध्याची सात माणसांची जुनी डिझेल गाडी कर्ज काढून घेतली आहे, हप्ते अजून चालू आहेत. मागच्या मे महिन्यात सोलापूरहून एका बाळंतिणीला तेरजवळच्या गावी सोडायचे होते. बाळ सहा दिवसांचे. हमरस्त्यावर गाडी बरी गार होती. पण फाटकाजवळ, गर्दीत थांबलो की झरोक्यातून गरम वारा यायचा. आजीने ओला पंचा बाळाच्या डोक्यावर धरला आणि म्हणाली, "डायवरदादा, एसीचं भाडं घेताव आन् हा भट्टीचा वारा का वं?" मी उतरताना भाड्यातले दोनशे रुपये परत केले. त्या माउलीपुढे दुसरे काय बोलणार?

त्याआधी महिन्याभरात एका गॅरेजवाल्याने दोनदा गॅस भरला होता. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो म्हणाला, "कॉम्प्रेसर गेला, नवा टाकावा लागेल." त्याने सांगितलेल्या आकड्यात माझे दोन हप्ते बसले असते.

माझा भाचा आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकलेला आहे. त्या रात्री तो घरी आला होता. त्याने पान्ह्याला हात लावण्याआधी प्रश्न विचारला, "मामा, गाडी पळताना गार लागते का?"

"लागते."

"आणि उभी राहिली की?"

"गरम."

"मग कॉम्प्रेसर मेला कसा? मेलेला माणूस हमरस्त्यावर उठून बसतो का?"

मग त्याने मला बॉनेटजवळ उभे करून समजावून सांगितले. ते मला इतके पटले की प्रत्येक चालकाला माहीत असावे असे वाटते. एसी थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. आतल्या कॉइलमध्ये गॅसचे पाणी असते. त्याची वाफ होताना ते गाडीतली उष्णता शोषून घेते. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो आणि रेडिएटरपुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये पाठवतो. तिथे वाऱ्याने उष्णता निघून जाते आणि पुन्हा पाणी होते. हे चक्र बंद नळ्यांत फिरत राहते. "म्हणून मामा, गॅस सरत नसतो. तो काही डिझेल नव्हे. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतो. गळती न शोधता भरला, तर फुटक्या घागरीत पाणी ओतल्यासारखे आहे."

माझ्या गाडीत गळतीही नव्हती. पळताना जाळीला वारा आपोआप मिळत होता. थांबल्यावर जो पंखा फिरायला हवा, तो कंडेन्सरपुढचा छोटा पंखाच बंद होता. भाच्याने फ्यूज पाहिला, तो चांगला होता. मग त्याने हॉर्नचा तसाच रिले काढून पंख्याच्या जागी लावला आणि पंखा भर्रकन फिरला. नवा रिले शे-दोनशे रुपयांत आला. जाळीत सोयाबीनचा भुसा आणि धूळ गच्च बसली होती, ती इंजिन गार झाल्यावर साध्या पाण्याने धुतली. दोनदा भरलेला गॅस जास्त झाला होता. जास्त गॅसनेही गारवा कमी होतो. तो सोलापुरात मशीनवर काढून वजनाने पुन्हा भरून घेतला. कॉम्प्रेसर आजही तोच आहे.

तेव्हा बंधूंनो, गाडी गार होत नसेल तर आधी क्रमाने पाहा. वाराच कमी येतो का? मग आतला फिल्टर धुळीने भरला असेल. वारा जोरात पण गरम आहे का? एसी लावल्यावर कॉम्प्रेसर 'टक' करून फिरतो का आणि पुढचा पंखा चालतो का, ते लांबूनच पाहा. पंखा अचानक सुरू होतो, बोटे घालू नका. नळ्यांच्या जोडावर तेलकट डाग असेल तर गळतीचा संशय धरा, कारण गॅसबरोबर तेलही फिरते. नळ्या स्वतः कधीच सोडू नका. आत मोठा दाब असतो, आणि हा गॅस उघड्यावर उणे २६ अंशांना उकळतो. डोळ्यांत उडाला तर इजा होते.

गॅरेजमध्ये तीन गोष्टी विचारा. गळती तपासली का? भरण्याआधी पंपाने नळ्यांतली हवा आणि ओल काढली का? गॅस किती ग्रॅम भरला? आकडा बहुधा बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेला असतो. स्वस्त म्हणून स्वयंपाकाच्या गॅससारखा पेटणारा गॅस कोणी भरू लागला, तर गाडी तिथून काढा. आपण त्या गाडीत लेकरेबाळे बसवतो.

यात सगळ्या जगाचाही संबंध आहे. जुन्या गाड्यांतला आर-१२ गॅस ओझोनच्या थराला भोक पाडत होता, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हळूहळू बंद झाला. त्याच्या जागी आलेला आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सुटला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. गळका एसी आपला खिसा रिकामा करतो आणि आपलाच उन्हाळा वाढवतो.

आपल्यातले कितीतरी जण मालट्रक चालवतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी असणे सरकारने बंधनकारक केले आहे. वर्षानुवर्षे इंजिनाच्या धगीवर बसलेल्या माणसाला हा हक्क उशिरा मिळाला, पण मिळाला. आता तो एसी बंद पडला तर कोणी "गॅस संपला" म्हणेल, तेव्हा पाकीट काढण्याआधी विचारा, "गेला कुठे?" आणि घरातले मूल आयटीआयला जायचे म्हणत असेल, तर त्याला आनंदाने पाठवा.